गाई फिरवून चारल्या तर कुरण खरंच सुधारतं का? (सिमरोल, इंदूर)

नंदू_सिमरोल: नमस्कार मंडळी, सिमरोलला आमची साडेचार एकर बीड आहे, म्हणजे गवताची राखीव जमीन, इकडे बीडच म्हणतात. चार माळवी गाई, दोन कालवडी. बाबांच्या वेळेपासून पाऊस पडला की जनावरं सोडायची ती थेट दिवाळीपर्यंत, कुठेही चरा. आता अर्ध्या भागात टाकळा आणि गाजरगवत माजलंय, परवा गवताचा एक ठोंब ओढला तर अलगद हातात आला, मुळं जेमतेम बोटभर, फार वाईट वाटलं. भाऊ म्हणतो झटका मशीनची तार (हलका विजेचा झटका देणारं कुंपण) लावून तुकडे पाडू आणि पाळीपाळीने चारू. याने जमिनीला नक्की काय होतं आणि गाई किती दिवसांनी हलवायच्या?

हातोदकर: दादा, ठोंब हातात आला हीच खूण आहे. गवत पानांच्या जिवावर मुळं पोसतं, अर्ध्याच्या वर पान गेलं की मुळं वाढायची थांबतात. आणि गाय वाढलेलं गवत सोडून आधी खाल्लेल्या जागी आलेला कोवळा फुटवाच परत खाते, त्या दुसऱ्या घासाने चांगलं गवत मरतं आणि टाकळ्याला मोकळं रान मिळतं. फ्रान्सच्या आंद्रे व्वाझँ यांनी १९५० च्या दशकात हेच मांडलं, की एकदा खाल्लेलं गवत त्याच फेरीत परत गाईच्या तोंडी पडता कामा नये. आमचे ८ तुकडे आहेत, पावसाळ्यात एकात ३ दिवस, म्हणजे प्रत्येकाला २१ दिवस आराम. पण पाऊस ओढला तर तारीख बघू नका, गवत बघा, वीतभर झाल्याशिवाय आत नाही आणि चार बोटं उरलं की बाहेर. शेणही सगळीकडे पडतं, नाहीतर सगळं झाडाखाली नि पाण्याच्या टाकीपाशी. शेणाचा पो उलटून बघा, खाली भोकं दिसली तर शेणकिडे कामाला लागलेत, ते शेण मातीत नेतात. जंतासाठी आयव्हरमेक्टिन दिलं तर त्यानंतरच्या शेणात हे किडे मरतात, म्हणून उगाच देऊ नका.

महूची_काकू: नंदू, तुझी काळी माती आहे ना, मग झड लागली की गाई आत घालूच नकोस रे. खुरं रुततात आणि ती जागा वाळली की दगड, पाणी मुरतच नाही. आम्ही तेवढे दिवस गोठ्यातच सोयाबीनचा भुसा नि कापलेलं गवत घालतो. आणि तार लावली म्हणून जनावरं वाढवू नकोस, ३०० किलोची गाय दिवसाला ७-८ किलो सुका चारा खाते. परदेशातल्या बऱ्याच प्रयोगांत फिरवण्यापेक्षा जनावरं किती आहेत यानेच जास्त फरक पडलाय. गोठ्यातलं शेण नि उष्टा चारा इंदूर पद्धतीने कुजवून उघड्या जागेवर टाक, अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने खत कुजवायची ती पद्धत १९२४ ते १९३१ मधे आपल्याच शहरात बसवली, आज कृषी महाविद्यालय आहे तिथेच.

नंदू_सिमरोल: काकू, झडीचं डोक्यातच नव्हतं, बरं झालं सांगितलंत. ८ तुकडे करतो, ओढ्याकडचा सगळ्यात खराब तुकडा यंदा बंदच ठेवतो. तिथे मारवेल गवताचे ठोंब लावले तर धरतील का?

हातोदकर: धरतील, काळ्या मातीत मारवेल छान येते. टाकळा फुलावर यायच्या आत उपटून घ्या आणि मारवेलला पहिलं वर्ष गाईचं तोंड लागू देऊ नका, दिवाळीनंतर विळ्याने कापून घाला.