जुन्या रेल्वे डब्यात कलादालन करता येईल का?

प्रश्न: आमच्या हौशी नाट्यमंडळाला तालमी आणि लहान प्रदर्शनांसाठी जागा हवी असून, रेल्वेच्या भंगार लिलावातून जुना आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या रचनेचा) डबा घेण्याचा विचार चालू आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर २०२१ साली अशा डब्यात उपाहारगृह सुरू झाले. तालमीला मात्र तो पुरेल का?

उत्तर: डबा सुमारे २१ मीटर लांब असला, तरी रुंदी बाहेरून जेमतेम सव्वातीन मीटर असल्यामुळे समूहदृश्यांची तालीम त्यात बसणार नाही, चित्रप्रदर्शन, अभिवाचन किंवा तबल्याचा वर्ग मात्र उत्तम होईल. नाटकासाठी शेजारी फलाटाच्या उंचीचा कट्टा बांधून डब्याचा रंगपट (नटांची रंगभूषा-वेशभूषेची खोली) करावा, असे मी सुचवेन.

उत्तर: बोली लावण्यापूर्वी शौचालयाखालचा पत्रा हातोडीने ठोकून पाहावा, कारण तेथे वर्षानुवर्षे पाणी मुरल्याने गंज आधी तिथेच धरतो. बाहेरचा नवा रंग पाहून भुलू नये.

उत्तर: क्रेन आणि ट्रेलरचे भाडे आधीच विचारून ठेवा (हा खर्च सहसा कोणी धरत नाही). शिवाय पोलादी डबा मे महिन्यात भट्टीसारखा तापतो, म्हणून त्यावर हवा खेळेल असे वेगळे छप्पर घालावे लागेल.