अनुभव धागा: वाळवंटातला पाऊस आणि वाहून गेलेलं पाणी

१६ एप्रिल २०२४ ला संयुक्त अरब अमिरातीत जो पाऊस पडला, तसा १९४९ पासूनच्या नोंदींत दुसरा नाही. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर. दुबई विमानतळावर एका दिवसात १४२ च्या वर, आणि तिथली वर्षाची सरासरी ९५ च्या आसपास! ज्या देशात प्यायचं पाणी समुद्राचं मीठ काढून मिळवावं लागतं, तिथे आभाळातून फुकट आलेलं गोडं पाणी पुढचे कित्येक दिवस उपसून टाकलं जात होतं. मला हे फार लागलं.

आखातात राहणाऱ्या आणि राहून परतलेल्या सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण. पूर कसा आला तेवढ्यावर थांबू नका. नंतर पाणी कुठे गेलं, हे पाहिलं असेल तर जरूर लिहा.

शारजाहून

आमच्या इमारतीत पंप तळघरात. पाणी शिरलं, पंप बुडाला, त्यामुळे खाली कमरेएवढं पाणी आणि वर नळ कोरडे. लिफ्ट बंद. शेजारच्या केरळी मुलांनी पाण्यातून चालत जाऊन सगळ्या मजल्यांना पाण्याच्या बाटल्या, दूध आणि खुबूस (अरबी रोटी) पोचवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. नंतर पाण्याला वास यायला लागला, गटारं त्यात मिसळली होती.

मग टँकर आले. जाड पाइप रस्त्यात सोडून रात्रंदिवस उपसा. माझं माहेर आटपाडीकडचं. टँकर आला की कळशा घेऊन धावायचं, हेच आम्हाला लहानपणापासून माहीत. रस्त्यातलं पाणी भरून घेऊन जाणारा टँकर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. सासूबाई गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या, “अगं, एवढं पाणी गावाला मिळालं असतं तर!” मला उत्तर सुचलं नाही.

दुबईहून, थोडक्यात

दुपारी आभाळ हिरवट झालं. एवढा गडद रंग आभाळाला येतो हे माहीत नव्हतं. शेख झायेद रस्त्यावर लोक गाड्या सोडून चालत निघाले. मेट्रोची काही स्थानकं महिनाभर बंद होती. पाणी वाया गेलं की नाही, हा विचार खरं सांगायचं तर तेव्हा मनात आला नाही. मुलगी शाळेऐवजी घरी आहे, एवढाच आधार होता. त्या दिवशी शाळा ऑनलाइन ठेवल्या होत्या, ते फार बरं झालं.

ड्रेनेजच्या कामावर असलेला एक इंजिनियर, दुबई

वरचं शारजाचं वाचून लिहावंसं वाटलं. रस्त्यावरचं ते पाणी साठवण्यासारखं नव्हतंच. तेल, गाळ, मैला, सगळं त्यात. त्यासाठी हळहळू नका. खरी हळहळ त्याच्या आधीच्या टप्प्याची आहे.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर १४२ मिलिमीटर पडले म्हणजे एक लाख ४२ हजार लिटर, आणि ते रस्त्यावर पडायच्या आधीचं, बऱ्यापैकी स्वच्छ. पाच हजार गॅलनचे सहा टँकर भरतील. शहरात अशा गच्च्या किती, ते तुम्हीच बघा. पण इथे गच्चीचा पाइप सरळ खाली जमिनीवर सोडतात, कारण वर्षातून मोजून काही दिवस पडणाऱ्या पावसासाठी टाकी बांधायला मालक तयार होत नाही.

“वाळूच आहे ना, मुरत का नाही?” असं मला घरचे विचारतात. किनाऱ्याजवळ खारट भूजल हातभर खाली असतं, वर सबखाची क्षाराने घट्ट झालेली जमीन. मुरायला जागाच नाही. मुरवायचं तर आत, डोंगराच्या पायथ्याशी. आपलं ‘माथा ते पायथा’ इथेही लागू पडतं.

जून २०२४ मध्ये दुबईने ‘तसरीफ’ हा ३० अब्ज दिरहमचा प्रकल्प जाहीर केला. २०३३ पर्यंत पाणी वाहून नेण्याची क्षमता सात पटींनी वाढवायची आहे. गरज आहेच, मी रोज बघतो. पण पाणी बाहेर टाकण्यावर एवढा खर्च होत असताना धरून ठेवण्यासाठी त्यातला थोडा वाटा हवा, असं माझं ठाम मत आहे. जमिनीखाली साठवण या देशाला येत नाही असंही नाही: अबू धाबीच्या लिवा भागात वाळूखाली २ कोटी ६० लाख घनमीटर गोडं केलेलं पाणी संकटकाळासाठी भरून ठेवलंय, २०१८ पासून.

अल ऐनहून

कृत्रिम पावसामुळे हे झालं, असं गावाकडून फोनवर सगळे सांगत होते. कृपया पसरवू नका. विमानं ढगात मीठ फवारतात हे खरं, पण असलेल्या ढगातून थोडा जास्त पाऊस काढता येतो एवढंच. हे वादळ कित्येक दिवस आधीच अंदाजांत दिसत होतं आणि ओमान, बहारीनलाही भिजवून गेलं.

निझवा, ओमानहून (मूळ गाव छत्रपती संभाजीनगर)

आमच्याकडे तो आठवडा दुःखाचा होता. १४ एप्रिलला वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीच्या पात्राला, लोंढा आला आणि त्यात शाळकरी मुलं गेली. इथल्या लोकांना वादी माहीत असते, तरीही लोंढा इतका अचानक येतो की कोरड्या पात्रात उभ्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही.

पण पाणी धरून ठेवायची रीत या देशाने जपली आहे. मस्कतजवळचं अल खौद धरण १९८५ चं. ते पाणी साठवत नाही, काही काळ अडवतं. गाळ बसला की निवळलेलं पाणी हळूहळू खाली सोडायचं, ते खडीच्या जमिनीत मुरतं, आणि किनाऱ्याच्या विहिरींत समुद्र शिरायचा थोडा थांबतो. आणि फलज, म्हणजे उताराने पाणी आणणारे इथले जुने कालवे! निझवाचा फलज दारिस पाहिला तेव्हा मला थेट आमची नहर-ए-अंबरी आठवली. मलिक अंबरने सतराव्या शतकात जमिनीखालून उतारावर पाणी आणलं, त्याच प्रकारची ही विद्या. इथे अजून ‘अथर’ने, म्हणजे साधारण अर्ध्या तासाच्या पाळीने, खजुराच्या बागांना पाणी वाटतात. पावसानंतर फलज भरून वाहू लागला की म्हातारी माणसं काठावर येऊन बसतात. आमच्या शहरातल्या नहरींची आजची अवस्था आठवून जीव तुटतो.

वरूड, अमरावती (पूर्वी सलालाह, दक्षिण ओमान)

माझा अनुभव पाण्यापेक्षा त्याच्या मागून आलेल्या गोष्टीचा. मे २०१८ मध्ये मेकुनू चक्रीवादळ सलालाहवर आलं, ऑक्टोबरमध्ये लुबान शेजारच्या येमेनच्या किनाऱ्यावर. रुब अल खाली या अरबस्तानातल्या ओसाड वाळवंटात वाळूच्या टेकड्यांमध्ये तळी साचली. सहकारी फोटो दाखवत होते, आम्हाला मौज वाटत होती. त्या ओल्या वाळूत टोळांनी पिढ्यामागून पिढ्या वाढवल्या. तिथे बघायला माणूस नाही. पुढे ते येमेन, आफ्रिकेचं शिंग, इराण, पाकिस्तान असे पसरत गेले आणि मे २०२० मध्ये आमच्या वरूड-मोर्शीच्या संत्र्यांवर उतरले. मी तेव्हा घरी परतलो होतो. थाळ्या वाजवत, धूर करत आम्ही बागेत फिरत होतो, रात्री कृषी खात्याची फवारणी. चुलत्यांना सांगितलं की याची सुरुवात मी जिथे नोकरी करत होतो तिथल्या पावसात झाली, तर त्यांनी आधी विश्वासच ठेवला नाही.

सौदी किंवा येमेनच्या बाजूला तेव्हा कुणी काम करत होतं का? ती तळी किती महिने टिकली, ते प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाकडून ऐकायचं आहे.