'टेबल करणे' म्हणजे नक्की काय? मिनिट्स लिहायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझं ऑफिस अंधेरीला, क्लायंट अमेरिकेचा आणि आमचे साहेब लंडनला, तर कॉलचे मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे असतं. कालच्या कॉलवर क्लायंटकडच्या मॅडम म्हणाल्या 'लेट्स टेबल द प्रायसिंग इश्यू', आता टेबल करणं म्हणजे विषय चर्चेला घेणं असंच आजवर ऐकलंय, आमच्या सोसायटीच्या एजीएमला सेक्रेटरी काका हिशोब टेबल करतात म्हणजे सगळ्यांसमोर मांडतातच ना. पण मॅडम लगेच पुढच्या मुद्द्यावर गेल्या, प्रायसिंगवर कोणी चकार शब्द काढला नाही. डिक्शनरीत बघितलं तर मांडणे पण दिलंय आणि बाजूला ठेवणे पण! मिनिट्स लंडनलाही जाणार आहेत, काय लिहू? आज रात्रीच्या आत पाठवायचेत.

प्रतिसाद:
ताई, बोलणारा कुठला ते आधी बघायचं. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे टेबल करणं म्हणजे मांडणंच, विधानसभेत कागदपत्रं 'पटलावर ठेवतात' ते हेच. अमेरिकेत नेमकं उलटं, विषय तूर्तास बाजूला. त्यांच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, तर टेबल करायचा ठराव पास झाला की तो विषय बहुतेक संपलाच, ऑफिसात मात्र इतकं कडक नसतं, 'आत्ता नको, नंतर बघू' एवढंच. दुसऱ्या महायुद्धात यावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांचा चांगलाच वाद झाला होता, चर्चिलनेच लिहून ठेवलंय. एक कागद तातडीचा म्हणून ब्रिटिशांना टेबल करायचा होता, अमेरिकन नको म्हणत बसले, आणि बऱ्याच वेळाने कळलं की दोघांनाही त्यावर चर्चाच हवी आहे. म्हणून दोन्हीकडचे लोक वाचणार असतील तर टेबल शब्दच टाळा, सरळ 'डिफर्ड' म्हणजे 'पुढे ढकलला' असं लिहा. फक्त 'टू नेक्स्ट कॉल' असं मनाने जोडू नका, विषय परत कधी घ्यायचा ते मॅडमना मेलवर विचारून घ्या.

दुसरा प्रतिसाद:
+१. आणि 'द ऑफर इज ऑन द टेबल' ऐकलंत तर घाबरू नका, त्याचा अर्थ दोन्हीकडे एकच, ऑफर अजून खुली आहे.

खूप खूप आभार दोघांचे! 'डिफर्ड' लिहिते, आणि मॅडमना मेल आत्ताच टाकते. साहेब मागे म्हणाले होते 'आय विल टेबल इट ऑन मंडे', म्हणजे सोमवारी ते मांडणार असं धरू ना?

हो ताई, ते लंडनचे ना, मांडणारच. तयारी करून ठेवा.