स्पर्शिकेला शिव्या घालण्याआधी सुरुवात कुठून केलीत ते सांगा

तिरकी_रेघ

काल ‘अर्धेअर्धे’ यांनी लिहिलं: “न्यूटन-राफसन अभ्यासक्रमातून काढून टाका. डेरिव्हेटिव्ह काढा, भागाकार करा आणि उत्तराची वाट बघत बसा. बायसेक्शन कधीच फसवत नाही.” दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण राग आवरेना. नवख्यांसाठी: दोन्ही पद्धती समीकरणाचं मूळ, म्हणजे ते शून्य करणारी किंमत, शोधतात. न्यूटन-राफसनमध्ये अंदाजाच्या जागी वक्राला स्पर्शिका (टेकणारी सरळ रेघ) काढायची, ती आडव्या अक्षाला जिथे छेदते तो पुढचा अंदाज; डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्या रेघेचा चढ. बायसेक्शनमध्ये दोन टोकांना उलट चिन्हं असलेला पट्टा दर फेरीला अर्धा करायचा.

२ चं वर्गमूळ घ्या, म्हणजे क्ष² − २ = ०. न्यूटन-राफसनने १ पासून निघा: १.५, १.४१६७, १.४१४२१६, १.४१४२१३५६२३७. चार फेऱ्यांत काम संपलं, कारण मुळाजवळ पोचल्यावर दर फेरीला बरोबर आकडे साधारण दुप्पट होतात. १ ते २ हाच पट्टा अर्धा करत बसलात तर दहा दशांश स्थळांसाठी तेहतीस-चौतीस फेऱ्या लागतील. हाताने करून बघा एकदा, मग ‘काढून टाका’ म्हणा.

आणि ‘कधीच फसवत नाही’? (क्ष − १)² = ० सोडवून दाखवा. चिन्हच बदलत नाही, तुमचं बायसेक्शन सुरू तरी कुठून होणार? दोन समीकरणं, दोन अज्ञातं असली तर विचारूच नका.

अर्धेअर्धे

दुहेरी मुळाचं उदाहरण देताना एक गोष्ट सोयीस्कर गिळलीत. तिथे न्यूटनचीही चूक दर फेरीला फक्त निम्मी होते. म्हणजे तुमचा घोडा माझ्याच बैलाच्या चालीने चालतो. शिवाय क्ष³ − २क्ष + २ = ० ला शून्यापासून सुरुवात करा. ० वरून १, १ वरून परत ०. जन्मभर फिरत बसा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पहिल्या नोकरीत केप्लरचं समीकरण (कक्षेत ग्रह कुठे आहे ते काढणारं) सोडवणारा कोड माझ्या गळ्यात पडला होता. विकेंद्रता (कक्षा किती लांबट) ०.९९, मध्यम कोन (गेलेल्या वेळेवरून येणारा) ०.०२ रेडियन, सुरुवातही तिथूनच. पहिल्याच उडीत १.९६! मूळ ०.५ च्याही अलीकडे. त्या उदाहरणात परत आलं, पण बाकीच्या आकड्यांत काय होईल याची धास्ती घेऊन दोन रात्री जागलो. शेवटी बायसेक्शन लावलं आणि झोपलो.

तिरकी_रेघ

दोन रात्री जागण्यापेक्षा आलेख काढला असता तर? मध्यम कोन ० आणि π यांच्या मधे असेल तर सुरुवात π पासून करायची. त्या पट्ट्यात वक्र एकाच बाजूला वळतो, स्पर्शिका मुळाच्या पलीकडे उडी मारूच शकत नाही. एका बाजूने उतरत उतरत उत्तर येतं, हमखास. पद्धत चुकली नाही, दार चुकलं.

जुनी_वही

मधे बोलतो, कारण मूळ दुखणं वेगळंच आहे. या स्पर्शिकेच्या पद्धतीला ‘न्यूटनची’ म्हणतंय कोण आणि का? न्यूटनने १६६९ मध्ये क्ष³ − २क्ष − ५ = ० सोडवलं ते २ + प घालून, नवं समीकरण मांडून, प च्या जागी पुन्हा ०.१ + फ घालून. दर पायरीला नवी बहुपदी! डेरिव्हेटिव्हचं नावही नाही. १६९० मध्ये राफसनने तोच पहिल्या समीकरणाचा साचा पुन्हा पुन्हा वापरला. फ्लक्शन्स, म्हणजे आपलं कलन, त्यात आणलं सिम्पसनने, १७४० मध्ये. दोन समीकरणांसाठीही त्यानेच. त्याला मिळालं काय? क्षेत्रफळ काढायच्या दुसऱ्याच एका सूत्राला नाव, तेही त्याच्या आधीपासून माहीत असलेल्या.

परीक्षेत मी ‘सिम्पसनची पद्धत’ लिहिलं तर दोन गुण कापले. इतकी वर्षं झाली, राग गेलेला नाही.

पाटी_पेन्सिल

वर्गमूळापुरतं बोलायचं तर मग बख्शाली हस्तलिखित, आपल्याकडचं गणिताचं जुनं हस्तलिखित, कुठे ठेवता? तिथलं सूत्र २ ला लावा, १ धरून. येतं १७/१२. न्यूटनच्या दोन फेऱ्या एकदम, एकाच सूत्रात!

जुनी_वही

वर्गमूळाचं सूत्र आणि कुठल्याही समीकरणाला लागू होणारी पद्धत यात फरक आहे की नाही? अशाने सरासरी काढणारा प्रत्येक जण न्यूटन ठरेल.

पाटी_पेन्सिल

म्हणजे सिम्पसनवर अन्याय झाला की डोळ्यांत पाणी, आणि इथे लगेच ‘फरक आहे की नाही’. तुमच्या दोन गुणांसाठी अख्खा इतिहास वेठीला धरू नका.

जुनी_वही

गुणांवर यायचं काम नाही.

अर्धेअर्धे

भांडा तुम्ही. मी माझ्या मुद्द्यावर येतो. रेघवाल्यांना एकच प्रश्न: टॅन इन्व्हर्स क्ष (ज्याचा टॅन क्ष येतो तो कोन) = ०. याहून सरळ, गुळगुळीत वक्र दाखवा. मूळ ० आहे हे पोरालाही कळतं. १.५ पासून निघा: −१.६९, २.३२, −५.११ आणि मग पत्ता नाही. ‘आलेख काढा’ म्हणता, आलेखात काहीही वावगं दिसत नाही.

तिरकी_रेघ

हे मान्य. लांब गेलं की वक्र आडवा होतो, स्पर्शिका जवळजवळ सपाट, ती अक्षाला कुठेतरी परगावी छेदते. म्हणून तर शहाणी माणसं दोन्ही मिसळतात. दोन्ही टोकं धरून ठेवायची, न्यूटनची उडी पट्ट्याबाहेर गेली तर ती फेरी बायसेक्शनची. खूश? तुमच्या बैलाला गाडीमागे बांधलाय.

पण १ पासून निघालात तर तोच टॅन इन्व्हर्स मुकाट्याने शून्यावर येतो, हेही लिहा.

अर्धेअर्धे

१.३९ ला येतो. १.४ ला उधळतो. आत्ताच लावून पाहिलं.

तिरकी_रेघ

मग नेमकी सीमा कुठे? तिथे पद्धत +क्ष वरून −क्ष वर आणि परत, अशी अडकते. म्हणजे २क्ष = (१ + क्ष²) × टॅन इन्व्हर्स क्ष. हेही समीकरणच आहे. सोडवा, आणि कशाने सोडवलंत ते प्रामाणिकपणे सांगा.

अर्धेअर्धे

१.३९१७. बायसेक्शनने.

शेवटचे आकडे तुमच्या रेघेने तपासले, वेळ नव्हता म्हणून.