सहकारात तोडणी कामगार कुठे आहे?

'सहकारी साखर कारखान्यांनी गावागावांत सत्ता वाटली' असं म्हटलं जातं; ते सभासद शेतकऱ्यापुरतं मान्य. संचालक मंडळ निवडायचं मत त्याच्या हातात आहे, एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) १४ दिवसांत द्यायची हे कायद्यातच आहे. पण बीडहून येणारा ऊसतोडणी कामगार या चर्चेत अजून आलेलाच नाही. तो सभासद नाही, बहुतेकदा कारखान्याच्या हजेरीपटावरही नाही. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडत राहायचं. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' म्हणून मोजतात, त्यामुळे बाईच्या कष्टाचा वेगळा हिशोबच होत नाही. मला यातली ही गोष्ट सगळ्यात अन्यायाची वाटते.

आणि विधानसभेचं मत तरी? २०२४ मध्ये गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून आणि मतदान २० नोव्हेंबरला. कित्येक कुटुंबं तोवर कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात पोहोचली होती. गावी जायचं तर भाडं खिशातून, वर खाड्याचे (गैरहजेरीच्या दिवसांचे) पैसे कापले जाणार. उरतो तो संप. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही कोयता बंद ठेवण्याचा इशारा दिल्यावरच.