रेडिएशन घेतलेल्या माणसाजवळ बसावं का?

कुणीतरी लिहिलंय, कॅन्सरसाठी रेडिएशन (किरणांचे उपचार) घेऊन आलेल्या माणसाजवळ लहान मुलांना बसवू नये. अहो, बाहेरून मशीनने किरण दिले तर माणूस किरणोत्सारी होत नाही. मशीन बंद, किरण संपले. इंदूरला माझ्या मावशीचं रेडिएशन चालू होतं, तेव्हा तिचा नातू तर तिच्या मांडीवरच असायचा!

त्रास होतो तो वेगळाच. किरणांमुळे पेशीतल्या डीएनएचे धागे तुटतात, आणि भराभर विभागणाऱ्या पेशी आधी मरतात. म्हणून तोंडा-घशाच्या भागाला किरण दिले तर तोंड येतं, घसा सोलवटतो. मावशीला पोह्यांवरची शेवसुद्धा टोचायची. निरोगी पेशींना दुरुस्तीला वेळ मिळावा म्हणूनच बहुधा रोज २ ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) आसपास, आठवड्यातून ५ दिवस, असे हप्ते पाडतात.

थायरॉइडसाठी आयोडीन-१३१, म्हणजे स्वतःच किरण सोडणारं आयोडीन, पोटात दिलं असेल, तर मात्र काही दिवस मुलांना लांबच ठेवा.