पेस्तो, टोमॅटोतलं मांस आणि पार्मिजानो: कोणती इटालियन वाइन?

खवय्या
चौघांच्या जेवणाचा बेत असा आहे: आधी पेस्तो (तुळशीसारख्या बेसिलची हिरवी चटणी) घातलेला पास्ता, मग टोमॅटोत सावकाश शिजवलेलं डुकराचं मांस, शेवटी जुनं पार्मिजानो चीज. तिन्हीला मिळून एकच बारोलो चालेल का? शिवाय लेबलवर कधी द्राक्षाचं नाव असतं, कधी गावाचं. ते वाचायचं कसं?

द्राक्षवेल
बारोलो इथे वाया जाईल. ती पिएमाँत प्रांतातल्या नेब्बिओलो द्राक्षांची तांबडी वाइन. रंग फिकट, म्हणून हलकी वाटते, पण पहिल्याच घोटाला हिरड्या आवळून येतात. नियमाप्रमाणे किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. हिरड्या आवळणाऱ्या तिच्या तुरट घटकाला, टॅनिनला, प्रथिनं आणि चरबी लागते, म्हणजे वाइनमध्येच शिजवलेलं गोमांस किंवा लोणी-ट्रफलचा पास्ता. पेस्तोच्या हिरव्या, किंचित कडसर चवीपुढे ती नुसती कडू लागते.

टोमॅटोला तुरटपणा नको, आंबटपणा हवा. पदार्थापेक्षा वाइन कमी आंबट असली की ती पाणचट लागते. म्हणून मांसाबरोबर त्याच पिएमाँतची बार्बेरा घ्या: आंबटपणा भरपूर, टॅनिन कमी. किंवा तोस्काना प्रांतातली कियांती क्लासिको.

लेबलचं म्हणाल तर कियांती, बारोलो, ब्रुनेल्लो दि मोंतालचीनो या नावांत द्राक्ष दिसत नाही, ते पाठ असावं लागतं. कियांतीत किमान ७० टक्के सांजोवेझे द्राक्ष, कियांती क्लासिकोत ८० (बाटलीवर काळा कोंबडा असतो), ब्रुनेल्लोत १००. ब्रुनेल्लो तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीआधी विकताच येत नाही, महाग असण्याचं हेही एक कारण. बार्बेरा दाल्बा मात्र सरळ नाव: बार्बेरा द्राक्ष, आल्बाचा परिसर.

हमखास घोटाळा होतो तो मोंतेपुल्चानोचा. ‘मोंतेपुल्चानो दाब्रुझ्झो’त ते द्राक्षाचं नाव आहे, ‘व्हीनो नोबिले दि मोंतेपुल्चानो’त ते तोस्कानातलं गाव, आणि आत मुख्यतः सांजोवेझे.

कोरडा_घोट
मांसापुरतं पटलं. पण एकच बाटली हा हट्टच सोडा. ७५० मिलीत १२५ मिलीचे सहा ग्लास होतात, चौघांना तशीही पुरणार नाही.

पेस्तो लिगुरियाचा, त्याला तिथलीच व्हेर्मेंतीनो: पांढरी, लिंबाच्या सालीसारखी, शेवटी जराशी खारट. पार्मिजानोला एमिलियाची बुडबुड्यांची तांबडी लाम्ब्रुस्को. लोक तिला गोड सरबत समजून नाकं मुरडतात, कारण परदेशात बरीच वर्षं तशीच गेली. लेबलवर ‘सेक्को’, म्हणजे कोरडी, असेल तीच उचला. ‘अमाबिले’ म्हणजे गोडसर. तिच्या प्रकारांत सोर्बाराची फिकट आणि झणझणीत आंबट असते, ग्रास्पारोस्सा गडद आणि तुरट. चीजला दोन्ही चालतात, कारण बुडबुडे आणि आंबटपणा मिळून जिभेवरची चरबी धुऊन काढतात.

तळाचा_गाळ
निवड बरोबर असूनही तापमानात गडबड होते. तांबडी वाइन २५ अंशांवर ओतली तर नाकात आधी अल्कोहोल जातं, फळ मागे पडतं. कियांती १६ ते १८, बार्बेरा साधारण १६, लाम्ब्रुस्को १२ ते १४, व्हेर्मेंतीनो १० ते १२. खोली गरम असेल तर तांबडी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढा. फार थंडही नको, टॅनिन टोचायला लागतं.

पुढे कधी बारोलो उघडलीच, तर तरुण बाटली दोन तास आधी डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात) ओता. जुनी असेल तर आदल्या दिवशीच उभी ठेवा, सावकाश ओता, मानेपाशी गाळ दिसला की थांबा.

खवय्या
मग तीन बाटल्या. आमारोने कुठे बसते यात? आणि मांसाऐवजी मासे केले तर?

द्राक्षवेल
आमारोने फक्त पार्मिजानोपाशी. व्हेनेतोतली कोर्व्हिना आणि सोबतची द्राक्षं तीनेक महिने सुकवून मग पिळतात, त्यामुळे साखर घट्ट होते आणि अल्कोहोल किमान १४ टक्के, बहुतेकदा १५-१६. टोमॅटोच्या रश्शाला ती दाबून टाकेल. लाम्ब्रुस्कोऐवजी घेतलीत तर लहान ग्लासात द्या.

माशाला तांबडी टाळा, विशेषतः तेलकट माशाला. वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडाला धातूची, उग्र चव येते. कांपानियाची पांढरी फियानो दि आव्हेल्लीनो घ्या. टोमॅटोत शिजवलेला ट्यूना असेल तर तेवढा अपवाद. त्याला एटनाची हलकी तांबडी नेरेल्लो मास्कालेझे जराशी थंड करून चालते.